वेठीस कोण कोणाला धरतं?

२०२१च्या नोव्हेंबरात एसटीचा संप चालू होता, तेव्हा ‘प्रवासी वेठीस’ हे शब्द रोज कानावर पडत. संप कोणाचाही असो, शब्द हेच. मला मात्र आजी आठवायची. अंगणाचा केर मी घाईघाईत काढला की ती म्हणे, “वेठ वारल्यासारखं काय करतोस?” वेठ म्हणजे काय, हे मी तिला कधी विचारलं नाही.

वेठ हा खरं तर कराचाच एक प्रकार आहे. धान्याऐवजी, नाण्याऐवजी, आणि पुष्कळदा ते देऊन झाल्यावरही, अंगमेहनतीने भरायचा कर. संस्कृत ‘विष्टि’, प्राकृत ‘विट्ठि’, मराठी ‘वेठ’ असा या शब्दाचा प्रवास. इ. स. १५०च्या सुमाराच्या गिरनारच्या शिलालेखात क्षत्रप रुद्रदामन अभिमानाने सांगतो, की सुदर्शन तलावाचा बांध त्याने प्रजेला कर, विष्टि आणि प्रणय यांनी न पीडता स्वतःच्या खजिन्यातून बांधून घेतला. यातला ‘प्रणय’ म्हणजे राजाने गोडीत मागितलेली, पण नाकारता न येणारी वर्गणी!

विदर्भातल्या वाकाटकांच्या ताम्रपटांतही विष्टि भेटते. अचलपूरजवळच्या चम्मक इथल्या ताम्रपटात दुसऱ्या प्रवरसेनाने दान दिलेल्या गावाला फुलं, दूध, कातडी, कोळसा अशा मागण्यांतून आणि सगळ्या विष्टीतून मोकळं केलं आहे. मोकळीक अशी कोरून द्यावी लागते, याचा अर्थ इतर गावांत या मागण्या चालूच होत्या. मराठेशाहीच्या इनामपत्रांतही माफीच्या यादीत ‘वेठबेगार’ येते. वेठ आपली, बेगार फारसीतून आलेली; अर्थ एकच. राज्यकर्त्यांची भाषा बदलली, डोक्यावरचं ओझं तेच राहिलं.

हे ओझं सर्वांच्या डोक्यावर सारखं नव्हतं. महार वतनाच्या नावाखाली रात्रंदिवस राबवून घेतलं जाई. त्या वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं. ठाणे जिल्ह्यातले वारली जमीनदारांची वेठ करत. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघंही सावकाराकडे अडकत. त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५ साली, किसान सभेच्या लाल बावट्याखाली, त्यांनी वेठ करायला नकार दिला. राज्यघटनेच्या २३व्या अनुच्छेदाने बिगारीला मनाई केली. तरी वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ साली करावाच लागला.

आता तो मथळा पुन्हा वाचू. ‘वेठीस धरणे’ म्हणजे माणसाला पकडून फुकट कामाला जुंपणे. धरणारा नेहमी बलवान, धरला जाणारा राबणारा. वेठीत एकच गोष्ट शक्य नसे, ती म्हणजे काम थांबवणं. आणि आज आपण हा शब्द काम थांबवणाऱ्यावरच आरोप म्हणून लावतो.

संपात प्रवाशांचे हाल होतात, हे खोटं नाही. त्या दिवसांत मीही स्टँडवर ताटकळलो आहे. पण त्याला हाल म्हणावं, खोळंबा म्हणावं, अडवणूक म्हणावं. मराठीत शब्दांचा तुटवडा नाही. वेठ मात्र ज्यांनी वाहिली, त्यांच्या नावावर राहू द्यावी.