काळी टोपी आणि भामटा

शेलू स्टेशनावर लोकलची वाट पाहत होतो. शेजारच्या गृहस्थांनी पेपर उघडला. मथळा होता, 'सायबर भामट्याने घातला लाखोंचा गंडा'.

गाडी येईपर्यंत दुसरा उद्योग नव्हता, म्हणून मी ज्ञान पाजळलं. "इंग्रजीत अशा संगणकचोराला 'काळी टोपी' म्हणतात. जुन्या काउबॉयपटांत खलनायकाच्या डोक्यावर असायची ना! आपल्याकडे ते जमायचं नाही. काळी टोपी आमच्या मास्तरांची. आपला 'भामटा' कसा खणखणीत!"

"आमच्या दाखल्यावर जात तीच आहे," गृहस्थ म्हणाले.

माझा हात नकळत खिशाकडे गेला. त्यांनी तो पाहिला.

गाडीत तेच बोलत होते. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला; १९११ साली तो सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानला लागू झाला. चोरी करा वा न करा, जात यादीत आली की पोलिसांत हजेरी. रेल्वे आल्यावर भामट्यांवर 'गाडीतले चोर' हा शिक्का बसला. १९५२ साली कायदा गेला, जमाती 'विमुक्त' झाल्या. सरकारी यादीत 'भामटा' आणि 'राजपूत भामटा' ही नावं राहिली, आणि आपल्या तोंडी शिवी. 'उचल्या'चं तेच, लक्ष्मण गायकवाडांनी १९८७ साली आत्मकथेला तेच नाव दिलं. (ते मी वाचलं होतं, म्हणे!)

शेलू ते नेरळ एकच स्टेशन. उतरताना त्यांनी पेपर माझ्या हाती दिला. मथळ्यातलं 'भामट्याने' पेनाने खोडून वर बारीक अक्षरात 'चोराने' लिहिलं होतं.