वऱ्हाडचें काळवीट आणि शेतांतील बंदूक

वाशीम जिल्ह्यांत आसेगांवच्या बाजूस तूर वा हरभरा उभा असतां शेतकऱ्याला रात्रीं जागल करावी लागते. रोही आणि रानडुकरें यांच्या कळपानें चार महिन्यांची मेहनत एका रात्रींत तुडवावी, हें तेथें नवलाचें नाहीं. अशा शेतकऱ्यासमोर, शेतांतील शिकारीनें वऱ्हाडच्या वन्य प्राण्यांची फार हानि केली, असें बोलावयास आम्हांस संकोच वाटतो; पण इतिहास तसा आहे खरा.

1853 सालीं वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यांत आला. पुढें 1861 ते 1865 या काळांत अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें विलायती गिरण्यांस कापूस मिळेना, तेव्हां येथील काळ्या जमिनीचें मोल एकदम वाढलें. रयतवारीनें शेत खातेदाराच्या नांवें झालें, आगगाडी आली, आणि पडीत माळ व कुरणें नांगराखालीं गेलीं. काळवीट हें दाट जंगलाचें जनावर नव्हे, उघड्या माळाचें. वाघाला राखीव जंगलाचा जो थोडाबहुत आसरा लाभला तो त्याला लाभला नाहीं. त्याचें घरच कोणाच्या तरी खात्यावर चढलें.

याच ठिकाणीं कायद्याची फट होती. 1912 च्या वन्य पशुपक्षी संरक्षण कायद्यानें शिकारीस बंदीचे काळ ठरवून देण्याची सोय केली. परंतु मालमत्तेच्या रक्षणासाठीं केलेल्या शिकारीस तो कायदा लागूच नव्हता. उभें पीक ही मालमत्ताच. हा अपवाद न्याय्य नव्हता, असें आम्ही म्हणत नाहीं. मात्र पीक राखण्याकरितां मिळालेली बंदूक खळें आटोपल्यावर कोपऱ्यांत स्वस्थ बसत नसे, हें कोणीही जाणता गृहस्थ कबूल करील.

गंमत अशी कीं, या संहाराचा दोष बहुधा पारध्याच्या माथीं मारला गेला. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या 1916 च्या ग्रंथांत पारध्यांचे पोटभेद दिले आहेत. त्यांत फासे लावणारे आहेत, तसे चित्ता बाळगून हरणें मारणारेही आहेत. फासा लावून दिवसभर दबा धरणाऱ्याच्या हातीं दोनचार जनावरें लागत. त्याच्यावर गुन्हेगार जमातीचा शिक्का बसला, आणि तो 1952 सालीं कागदोपत्रीं पुसला गेला. बंदूकवाला मात्र शिकारी म्हणून मिरवला.

दुसऱ्या महायुद्धानंतर जीपगाडी आली, आणि तिच्या दिव्यांच्या झोतांत दिपून उभ्या राहिलेल्या कळपांवर गोळ्या झाडणें हा खेळ झाला. 1947 सालीं देशांत सुमारें 80,000 काळविटें होतीं, तीं 1964 पर्यंत 8,000 वर आलीं, असा अजमास सांगतात. काळविटावर जगणारा चित्ताही त्याच वाटेनें गेला; 1947 मध्यें कोरिया संस्थानच्या महाराजांनी रात्रीं मोटारींतून तीन चित्ते मारले, तेच शेवटचे मानले जातात.

उलट, 1932 सालीं अमेरिकेंतील टेक्सास प्रांताच्या खाजगी कुरणांत नेलेलीं काळविटें तेथें हजारोंनी वाढलीं. त्या जमीनमालकांस भूतदया सुचली होती असें नव्हे. ते शिकारीचे पैसे घेतात, म्हणून बीज राखतात. हा व्यवहार आमच्या मनास रुचत नाहीं. शिवाय पांचदहा एकरांच्या धन्याला तो साधणार तरी कसा?

आपल्याकडे 1972 च्या कायद्यानें काळविटास पहिल्या अनुसूचींत घातलें, आणि 2000 सालीं वाशीम जिल्ह्यांतच कारंजा-सोहोळ येथें सुमारें 18 चौरस किलोमीटरांचें अभयारण्य त्याच्यासाठीं झालें. रोही वा डुक्कर पिकांत शिरलें तर अधिकाऱ्याच्या परवानगीनें त्यास मारण्याची तजवीज त्या कायद्याच्या 11 व्या कलमांत आहे. काळविटाच्या बाबतींत पिकाचें कारण आतां चालत नाहीं. त्यानें हरभरा खाल्ला तर शेतकऱ्यानें पंचनामा करवून नुकसानभरपाईचा अर्ज द्यावयाचा असतो.