लाकडाच्या तुकड्याने थांबवलेला ब्रिज

१९५४ साली फेंडरची स्ट्रॅटोकास्टर बाजारात आली, तेव्हा तिचं मोठं आकर्षण होतं तिचा हलणारा ब्रिज. दांडी दाबली की सहाही तारा सैल होतात आणि सूर खाली घसरतो. सोडली की परत जागेवर. लिओ फेंडरने याला ‘ट्रेमोलो’ म्हटलं. खरं तर ट्रेमोलो म्हणजे आवाजाचं कमी-जास्त होणं. सूर हलतो तो व्हायब्रॅटो. पण चुकीचं नावच रुळलं. १९५६ साली पेटंटही मिळालं.

आत बघितलं तर ही एक रस्सीखेच आहे. एका बाजूला तारा: नेहमीच्या १० ते ४६ च्या संचाचा एकूण ताण साधारण ४७ किलो. दुसऱ्या बाजूला गिटारच्या पाठीतल्या पोकळीत बसवलेल्या स्प्रिंगा, जास्तीत जास्त पाच. मध्ये तोललेला ब्रिज. त्यामुळे एक तार तुटली की उरलेल्या पाच चढतात. एक तार ओढून सूर वाकवला की बाकीच्या उतरतात. इंजिनीअरच्या भाषेत सांगायचं तर सगळं एकमेकांत अडकलंय, एक व्हेरिएबल बदलला की सगळा हिशोब बदलतो.

म्हणूनच ही सोय नको असणारे वादकही पहिल्यापासून होते. फेंडर पन्नाशीच्या दशकातच ट्रेमोलो नसलेली, ‘हार्डटेल’ स्ट्रॅट विकत होती.

आणि एरिक क्लॅप्टन? त्याने १९७० मध्ये नॅशव्हिलला जुन्या स्ट्रॅट घेतल्या आणि त्यांतल्या तिघींचे भाग जोडून ‘ब्लॅकी’ बनवली. तो दांडी वापरत नसे. त्याने पाचही स्प्रिंगा लावून ब्रिज लाकडाच्या तुकड्याने अडवला. ही गिटार २००४ च्या लिलावात ९,५९,५०० डॉलरला गेली. १९८८ मध्ये आलेलं त्याच्या नावाचं मॉडेल तर कारखान्यातूनच ब्रिज अडवून बाहेर पडू लागलं. वादकाचा जुगाड कंपनीचं फीचर झाला!

माझ्या सेकंडहँड स्ट्रॅटबद्दल एका कारागिराचा सल्ला होता: पोकळी लाकडाने भरून टाक, नवा फिक्स ब्रिज बसव. मी नाही म्हणालो. जाड तार ई वरून डी वर उतरवली की बाकीच्या पाच चढायच्या, हा माझा त्रास होता. त्यासाठी गिटार कापायची गरज नव्हती. तारा सैल केल्या, ब्रिजखालचा लोखंडी ठोकळा आणि पोकळीची मागची भिंत यांच्यामध्ये सागवानाचा घट्ट तुकडा बसवला, स्प्रिंगा धरणाऱ्या पट्टीचे दोन स्क्रू आवळले. त्या पट्टीला झाळलेली अर्थिंगची वायर मात्र तशीच ठेवली; ती तुटली तर अॅम्पमध्ये गुणगुण वाढते. ट्यूनिंग आणि तारांची उंची नव्याने लावली. झालं.

जिमी हेंड्रिक्सने १९६९ ला वुडस्टॉकमध्ये याच दांडीने अमेरिकेचं राष्ट्रगीत पिळवटून काढलं होतं. एकाच यंत्राचे हे दोन उपयोग, आणि दोन्ही खरे. म्हणून कोड डिलीट करू नये, बंद ठेवावा. तुकडा काढला की १९५४ परत येतं.