काढ्याचे माप

'काढा' हा शब्द संस्कृत 'क्वाथ' शब्दाच्या कुळातील होय. कढणे, कढत, कढी ही त्याचीच भावंडे. काढ्यात काय घालावयाचे यापेक्षा तो किती कढवावयाचा, हे या नावाने आधी सांगून ठेवले आहे. शार्ङ्गधरसंहितेत कुटलेल्या औषधीच्या सोळापट पाणी घालून, मातीच्या भांड्यात आटवून, अष्टमांश उरवावे असे सांगितले आहे.

आमच्या हरमलास पावसाची झड लागली आणि घरात कोणी शिंकले, की चुलीवर मडके चढे. आले, मिरी, तुळस, धने, परसातील गवती चहा आणि माडाचा गूळ एवढीच सामग्री. चार पेले पाण्याचा एक पेला उरला म्हणजे आजी मडके उतरवी. त्या कढत घोटाने घसा मोकळा होई. पडसे मात्र आपल्या मुदतीनेच जाई, आणि ताप हटेना तर वैद्याला बोलावणे धाडीत.

या औषधींची नोंद गोव्यात फार पूर्वीच झाली. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा संवादरूप ग्रंथ 1563 साली गोव्यात छापला गेला. त्यात मिरी, आले, दालचिनी यांची चर्चा असून मालुपा नावाचा एक हिंदू वैद्यही बोलताना आढळतो. हरमल तेव्हा पोर्तुगीज राज्याबाहेर होते. पेडणे महाल त्या अंमलाखाली गेला तो 1788 साली. पुढे कोचीनला डच अधिकारी व्हान ऱ्हीडे याने 'हॉर्टस मलबारिकस' सिद्ध केला. त्याला साहाय्य करणाऱ्या रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तीन वैद्यांचे 1675 सालचे नागरी लिपीतील कोंकणी प्रशस्तिपत्र 1678 च्या पहिल्या खंडात छापलेले आहे. वैद्यांची नावे अशी क्वचित तरी उरली. चुलीपाशी बसणाऱ्या स्त्रियांना कोणी विचारलेही नाही.

2020 च्या साथीत आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ व मिरी यांच्या काढ्याची शिफारस केली, आणि काढा पुन्हा घरोघर उकळू लागला. अधिक घेतला म्हणजे अधिक गुण, असे समजून काहींनी पोटाची जळजळही ओढवून घेतली. त्यानंतर आम्ही आमच्या शाळेतील मुलांना घरचा काढा लिहून आणावयास सांगितले. जिन्नस बहुतेकांनी बिनचूक लिहिले; पाणी किती घालावे व किती उरवावे, हे मोजक्याच वह्यांत होते. एका मुलीने मात्र लिहिले होते : 'आजी भांड्यात चमच्याचा दांडा उभा धरते आणि ओल्या खुणेवरून पाणी किती आटले ते बघते.' ग्रंथकारांकडून जे निसटले, ते या एका ओळीत सापडले.

डिसेंबर 2022 मध्ये आमच्याच पेडणे तालुक्यात, धारगळ येथे, अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे उद्घाटन झाले. औषधींचे गुणदोष पारखण्याचे काम तेथील विद्वान करोत. आम्हा शिक्षकांचे काम त्याहून लहान, पण तातडीचे आहे. घरोघरचे माप, ते सांगणाऱ्या बाईच्या नावासह, मुलांकडून लिहून घ्यावे. झाडपाला परसात पुन्हा लावता येईल. चमच्याच्या दांड्यावरची खूण वाचणारे डोळे एकदा मिटले, की ते माप कोणाला विचारावयाचे?