तुटलेल्या फांदीचे कागद

2023 च्या सप्टेंबरात सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यातल्या कचेऱ्यांमधली निजामकालीन दप्तरे खाली उतरली. मराठा आरक्षणासाठी जुनी कुणबी नोंद हवी होती, म्हणून लोक खापरपणजोबाचे नाव शोधू लागले. कागद उर्दूत नाहीतर मोडीत, त्यामुळे दोन्ही लिप्या वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. औसा, निलंगा, उदगीरकडच्या माणसांना घराण्याचा इतिहास आजवर आजीच्या तोंडून कळत होता. तो सरकारी कागदातही असतो, हे त्या काळात घरोघर पोचले.

या शोधात एक माणूस मात्र सहसा कोणी शोधत नाही. घर सोडून ख्रिस्ती झालेला. बरेचदा त्याचे नाव घरात पुन्हा काढलेलेच नसते. नाशिक-पंढरपूरच्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्यांत त्याच्या भावांची नावे पिढीमागून पिढी चढत जातात, त्याची ओळ तिथेच थांबते. पलीकडे त्याच्या नातवंडांना आजोबांचे मिशनमधले नाव माहीत असते, पण गावाचे आणि चुलत्यांचे नाही. माझे म्हणणे असे, की शोधायला बसले तर नेमका हाच माणूस कागदात अधिक सापडतो. शांतपणे जगून गेलेल्याच्या नावावर एखादा सातबारा राहतो. धर्म बदललेल्यावरून तंटा झालेला असतो, आणि तंट्याला कागद लागतात.

याचे सर्वांत नीट तपासता येणारे उदाहरण मराठवाड्याच्या मिशनच्या मुळाशीच आहे. जालन्याचे रेव्हरंड नारायण शेषाद्री. नारायण हा ब्राह्मण तरुण मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकला आणि सप्टेंबर 1843 मध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत त्याच्यापाठोपाठ मिशनरी रॉबर्ट नेस्बिट यांच्याकडे राहायला गेला. श्रीपत साधारण बारा वर्षांचा होता. बापाने मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी मुलगा बापाच्या ताब्यात दिला.

आता कागद बघा. पेरी यांनी आपल्या न्यायालयातले निवडक खटले 1853 मध्ये पुस्तकरूपाने छापले. त्यात हा खटला आहे, पण तो लागला आहे राणी विरुद्ध नेस्बिट या नावाने. शेषाद्री, नारायण किंवा श्रीपत या नावाने सूची चाळणाऱ्याला तो सापडायचा नाही. मुलाला अडकवून ठेवल्याचा आरोप मिशनऱ्यावर, म्हणून नाव त्याचे. घराण्याचा शोध घेणाऱ्याने ही गोष्ट मनाशी पक्की धरावी: आपला पूर्वज ज्या कागदात आहे, त्या कागदाच्या माथ्यावर बहुधा दुसऱ्याचे नाव असते.

दुसरी अडचण नावाचीच. शेषाद्री हे या घराचे आडनाव नव्हे, बापाचे नाव. इंग्रजी कागदात नारायणच्या नावापुढे बापाचे नाव आले आणि आडनावाच्या जागी कायमचे बसले. मिशनच्या वह्यांत असे पदोपदी होते. कुठे बापाचे नाव आडनाव होते, कुठे गावाला 'कर' लावून आडनाव तयार होते. औसेकर नाव दिसले म्हणून ते घर एकाच कुळातले असे मानू नये. औशाहून निघालेला कोणत्याही जातीचा माणूस परगावी औसेकरच होतो.

खटल्याचा निकाल लागल्यावर श्रीपतची खरी परवड सुरू झाली. मिशनऱ्यांकडे राहून जेवलेल्या मुलाला जातीत परत घ्यायचे की नाही? बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले, प्रायश्चित्त देऊन त्याला घ्यावे असे त्यांनी मांडले. ब्रह्मवृंदात तट पडले, वर्तमानपत्रांत वाद झाला. बाळशास्त्री 1846 मध्ये ऐन तिशीत वारले. त्यांचे लेखन आणि त्यांच्याविषयीची कागदपत्रे गणेश गंगाधर जांभेकरांनी 1950 मध्ये तीन खंडांत छापली, म्हणून या वादाची हिंदू बाजू आपल्याला वाचता येते. मिशनची बाजू मिशनरी मरी मिचेल यांच्या आठवणींत आहे. ते तेव्हा मुंबईतच होते, पण पुस्तक निघाले 1899 मध्ये. घटनेच्या वेळचा न्यायालयीन कागद आणि अर्ध्या शतकानंतरची आठवण यांचे वजन सारखे धरता येत नाही. तारीख, वय, कोण कोणाचा नातलग, हे न्यायालयाच्या कागदावरून घ्यावे. घरात काय बोलणे झाले, कोणी कोणाला काय सांगितले, हे आठवणीतून घेताना ती कोणाची आठवण आहे हे शेजारी लिहून ठेवावे.

या दोन्ही बाजूंच्या कागदांत आई जवळपास नाही. कायद्यापुढे प्रश्न बापाच्या ताब्याचा होता. एक मुलगा गेला, दुसरा परत आला तो अर्धा. त्या बाईचे काय झाले असेल याची नोंद करण्याचे कारण ना न्यायालयाला होते, ना मिशनला, ना ब्रह्मवृंदाला. इथे इतिहासकाराने कल्पना लढवू नये. मात्र वंशावळ लिहिताना तिची जागा रिकामी चौकट आखून दाखवावी, पुसून टाकू नये.

नारायण शेषाद्रींना 1854 मध्ये दीक्षा देऊन पाळक केले गेले. पुढे ते निजामाच्या मुलखात जालन्याला गेले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या काळात मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसवले. त्यांच्याकडे आलेले बहुतेक लोक मांग आणि महार समाजातले. 1873 मध्ये न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्स परिषदेत ते बोलले. 1891 मध्ये समुद्रप्रवासात त्यांचे निधन झाले. ब्राह्मण घरातून तुटलेला हा माणूस अशा शेकडो कुटुंबांच्या वंशावळीत पहिल्या पानावर उभा आहे, कारण त्यांच्या पणजोबाच्या बाप्तिस्म्याचे मूळ त्याच्या कामात आहे.

तो बाप्तिस्मा कसा नोंदला जाई? इंग्रजी अमलातल्या छापील वह्यांमध्ये साधारण असे रकाने असत: बाप्तिस्म्याची तारीख, जन्म केव्हाचा सांगतात, ख्रिस्ती नाव, आईबापांची नावे, राहण्याचे ठिकाण, बापाचा धंदा, विधी कोणी केला. 'सांगतात' हा शब्द रकान्याच्या मथळ्यातच होता आणि तो फार उपयोगी आहे. सांगितलेले वय हे पुराव्याचे वय नव्हे. मुंबई, मद्रास आणि बंगाल इलाख्यांतल्या अशा नोंदींच्या प्रती लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत, पण त्यात भर युरोपियनांचा. देशी मंडळ्यांच्या मूळ वह्या बहुतेक ज्या त्या चर्चमध्येच राहिल्या.

त्या कुठल्या चर्चमध्ये, हे कळायला आपल्या भागाची सीमा ठाऊक हवी. लातूर जिल्हा झाला 16 ऑगस्ट 1982 रोजी. त्याआधी औसा उस्मानाबाद जिल्ह्यात. उदगीर, निलंगा, अहमदपूर तर 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यात, आणि बीदरकडे अमेरिकन मेथडिस्टांचे काम. दक्षिण-पश्चिमेला सोलापूर, तिथे अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे. उत्तरेला जालना स्कॉटिश मिशनकडे, औरंगाबाद चर्च मिशनरी सोसायटीकडे. म्हणजे औशाहून पूर्वेला गेलेल्या माणसाची नोंद एका मिशनकडे आणि पश्चिमेला गेलेल्याची दुसऱ्याकडे. 1970 मध्ये नागपूरला उत्तर भारत चर्च झाले, त्यात अनेक मंडळ्या मिसळल्या. अमेरिकन मेथडिस्ट बाहेर राहिले. मिशनचा वरिष्ठ पत्रव्यवहार त्यामुळे जगभर विखुरला आहे: अमेरिकन मराठी मिशनचा हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात, स्कॉटिशांचा एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, चर्च मिशनरी सोसायटीचा बर्मिंगहॅमला, मेथडिस्टांचा न्यू जर्सीतल्या मॅडिसनला.

गावाकडचा कागद मात्र गावाजवळच आहे, आणि त्यावर साल फसली असते. हैदराबाद संस्थानाचे फसली साल ऑक्टोबरात, आजूर महिन्यात सुरू होई. फसलीत 590 मिळवले की त्या सालाच्या सुरुवातीचे इसवी सन मिळते. 1309 फसली म्हणजे ऑक्टोबर 1899 पासून पुढचे वर्ष, मोठ्या दुष्काळाचे. पाहणीपत्रकात एखाद्याची जमीन 1309 मध्ये भावाच्या नावावर गेलेली दिसली आणि मिशनच्या वहीत त्याच नावाचा, त्याच गावचा माणूस 1900 च्या उन्हाळ्यात दिसला, तर दोन्ही नोंदी एकाच सालातल्या आहेत. तरी तेवढ्यावर तो एकच माणूस ठरत नाही. बापाचे नाव जुळले पाहिजे, शक्य तर बायकोचेही. अशा दोन-तीन खुणा जुळेपर्यंत पेन्सिलीनेच लिहावे.

जमीन भावाकडे जाण्यामागे कायदाही होता. इंग्रजी मुलखात 1850 च्या 21 व्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क शाबूत राहिला. निजामाच्या राज्याला तो लागू नव्हता. 1866 चा विवाहविषयक कायदाही इंग्रजी मुलखापुरताच, पण त्याने एक अनमोल प्रकारचा कागद निर्माण केला. धर्मांतरामुळे जोडीदार सोडून गेला, तर न्यायाधीशाने त्या जोडीदाराला स्वतः विचारायचे, एक वर्ष थांबायचे आणि पुन्हा विचारायचे. सोडून गेलेली बायको काय म्हणाली, हे तिच्या उत्तराच्या रूपात सरकारी दप्तरात उतरण्याची ही दुर्मिळ जागा.

न्यायालयावाचून ते उत्तर पूर्ण लिहून ठेवले लक्ष्मीबाई टिळकांनी. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या आणि 1900 मध्ये त्याही ख्रिस्ती झाल्या. त्यांचे आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' 1934 पासून भागाभागांनी निघाले. दोन्हीकडचे नातलग, त्यांचे येणेजाणे, सोवळे, रुसवे हे सारे त्यात नावानिशी आहे. ज्या घरात अशी लक्ष्मीबाई नव्हती, त्या घराला वहीतल्या एका ओळीवर भागवावे लागते.

एक सावधगिरी मनापासून सांगतो. जालना-बीदरकडे ख्रिस्ती झालेल्या अनेकांचे चुलते गावातच राहिले, त्यांच्यातले पुष्कळ 1956 नंतर बौद्ध झाले. एकाच आजोबाची नातवंडे आज तीन धर्मांत आहेत. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी बांधला. त्यामुळे शाळेच्या दाखल्यावरचा धर्म आणि चर्चच्या वहीतला धर्म नेहमी जुळेलच असे नाही. त्या विसंगतीमागे पोटाचे आणि शिक्षणाचे प्रश्न आहेत. जिवंत माणसाचा कागद त्याला विचारल्याशिवाय कोणापुढे ठेवू नये.

औसा, लातूर, उदगीर भागातल्या मंडळ्यांच्या पाळकांना आणि पंचांना माझी विनंती आहे. जुन्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या वह्या वाळवीच्या हवाली करू नका. पान न पान उजेडात धरून छायाचित्रे काढा आणि एक संच चर्चबाहेर सुरक्षित ठेवा. ज्यांच्या घरी आजोबांचे जुने बायबल आहे, त्यांनी त्याची पहिली कोरी पाने आजच उघडून पाहावीत. जन्ममृत्यूच्या तारखा बहुधा तिथेच लिहिलेल्या असतात.