प्रकाशवर्ष म्हणजे वर्ष नव्हे, अंतर! आकाशातले शब्द सोप्या भाषेत

चाकण : चाकण-भोसरी पट्ट्यात कंपन्यांच्या आणि रस्त्यांच्या दिव्यांमुळे रात्री मोजक्याच चांदण्या दिसतात. जुन्नर, आंबेगावच्या डोंगराकडच्या गावात मात्र आभाळ गच्च भरलेलं असतं. जुन्नर तालुक्यातील खोडदला तर जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या बातम्यांत आणि व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या शब्दांचे अर्थ असे :

तारा : स्वतःच्या उजेडाने चमकतो. आपला सूर्यही ताराच.

ग्रह : ताऱ्याभोवती फिरतो, स्वतःचा उजेड नसतो. पहाटे किंवा तिन्हीसांजेला दिसणारी ‘शुक्राची चांदणी’ हा ग्रह आहे.

उपग्रह : ग्रहाभोवती फिरतो. चंद्र हा पृथ्वीचा उपग्रह.

उल्का : ‘तारा तुटला’ म्हणतात तो तारा नसतो. अवकाशातला बारीक खडा वेगाने हवेत शिरून जळतो.

दीर्घिका : अब्जावधी ताऱ्यांचा समूह. आपल्या दीर्घिकेचं नाव आकाशगंगा. तिची रुंदी सुमारे १ लाख प्रकाशवर्षे.

अंतर कसं मोजतात?

चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. ताशी ८० च्या स्पीडने न थांबता गाडी चालवली (चाकण चौकातलं ट्रॅफिक सोडून!) तर २०० दिवस लागतील.

खगोलीय एकक : पृथ्वी ते सूर्य हे अंतर, सुमारे १५ कोटी किलोमीटर. त्याच गाडीला २१४ वर्षे लागतील.

प्रकाशवर्ष : उजेड सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो. वर्षभरात तो जातो ते अंतर सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. सूर्याचा उजेड आपल्याकडे ८ मिनिटे २० सेकंदांत येतो, व्याध ताऱ्याचा सुमारे साडेआठ वर्षांत. म्हणजे आज दिसणारा व्याध साडेआठ वर्षांपूर्वीचा असतो.

खोडदच्या दुर्बिणीचं काम

प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची ही दुर्बीण २५ किलोमीटर परिसरात पसरली आहे. तिने टिपलेला एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा संकेत ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला होता, असं जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झालं. असे संकेत फारच क्षीण असतात. यंत्रांच्या आणि मोबाइल टॉवरच्या लहरींत ते हरवतात. म्हणूनच या भागात कारखान्यांवर आणि टॉवरवर बंधने आहेत.

राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, खोडदला विज्ञान प्रदर्शन भरतं. आकाशगंगेचा पांढुरका पट्टा पाहायला मात्र दुर्बीण लागत नाही. पावसाळा सरल्यावर अमावस्येच्या रात्री गावाबाहेर, दिव्यांपासून लांब जावं आणि पंधरा-वीस मिनिटं मोबाइल खिशात ठेवावा.