भंडाऱ्याची पोटनिवडणूक आणि पेकिंगचा दौरा

भंडारा म्हटले की तलाव, भात आणि विडी डोळ्यांपुढे येते. यांपैकी विडीने देशाच्या राजकारणातही एकदा आपला वाटा उचलला. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत येथून लोकसभेवर गेलेले चतुर्भुज जसानी हे सरकारला विड्या पुरविणाऱ्या पेढीचे भागीदार होते. त्यामुळे ते अपात्र ठरले. दुसऱ्या एका उमेदवाराचा अर्जही चुकीने फेटाळला गेला होता. फेब्रुवारी १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती निवडणूकच रद्द ठरविली.

मे महिन्यात पोटनिवडणूक झाली. राखीव जागेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. प्रचारात त्यांनी पंडित नेहरूंच्या परराष्ट्र धोरणावर कडक टीका केली. धानाच्या बांध्यांतून आलेल्या श्रोत्यांना ती कितपत भिडली असेल? काँग्रेसचे भाऊराव बोरकर सुमारे ८,००० मतांनी विजयी झाले. मात्र सर्वसाधारण जागा प्रजा समाजवादी पक्षाच्या अशोक मेहतांनी जिंकली. तेव्हा भंडाऱ्याने नेहरूंच्या धोरणाला कौल दिला, असा अर्थ काढणे आम्हांस भाबडेपणाचे वाटते.

पराभवानंतरही बाबासाहेब गप्प बसले नाहीत. तिबेटला ‘चीनचा प्रदेश’ मानणारा, पंचशीलाची तत्त्वे सांगणारा करार २९ एप्रिल १९५४ रोजी झाला होता. २६ ऑगस्टला राज्यसभेत त्यांनी त्याचा समाचार घेतला. माओंची पंचशीलावर श्रद्धा असती तर त्यांनी आपल्या देशातील बौद्धांना वेगळ्या रीतीने वागविले असते, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

दोनच महिन्यांनी, ऑक्टोबरात, नेहरू पेकिंगला गेले. तेथे अपूर्व स्वागत झाले, माओ व चौ एन-लाय यांच्याशी दीर्घ चर्चा झाल्या. परतल्यावर कलकत्त्याच्या मैदानावर अफाट जनसमुदाय लोटला. चिनी जनतेला युद्ध नको आहे, असे त्यांनी तेथे सांगितले. मुख्यमंत्र्यांना ते नियमित पत्रे लिहीत असत; त्यांतूनही परराष्ट्रनीती समजावून देत. पंतप्रधानाने देशाला विश्वासात घ्यावे ही रीत थोरच म्हणावी लागेल.

पण या विश्वासात एक पोकळी होती. भारताचा भूभाग चीनमध्ये दाखविणाऱ्या नकाशांचा विषय नेहरूंनी पेकिंगमध्ये काढला होता. नकाशे जुने आहेत, सुधारण्यास सवड झालेली नाही, असे चौंचे उत्तर होते. नेहरूंनी ते मानून घेतले. मैदानावरील लोकांच्या कानी पडले ते मैत्रीचे वर्णन. या संभाषणाचा लेखी दाखला जनतेच्या हाती आला तो सप्टेंबर १९५९ च्या श्वेतपत्रिकेतून, म्हणजे दलाई लामा भारतात आश्रयाला आल्यानंतर. संसदेत मग जो क्षोभ उसळला, त्याला आवरण्याइतका विश्वास आता शिल्लक नव्हता. आमच्या मते नेहरूंचा दौरा चुकीचा नव्हता. शंकेचा भाग घरच्यांपासून राखून ठेवणे महागात पडले. १९६२ च्या युद्धामुळे संरक्षणमंत्री कृष्ण मेननांना जावे लागले आणि यशवंतराव चव्हाण दिल्लीस गेले. बाबासाहेब हे पाहण्यास नव्हते. ६ डिसेंबर १९५६ रोजीच त्यांचे निधन झाले होते.

पुढे १९७२ मध्ये तिबेटी निर्वासितांची एक वसाहत तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातच, गोठणगावजवळ उभी राहिली. नोर्गेलिंग तिचे नाव. १९९९ पासून तो भाग गोंदिया जिल्ह्यात मोडतो.